बार्शीची वही, मुंबईची वही

कुर्डुवाडीला जाणारी छोटी गाडी बार्शीतून सुटायची त्या काळात एखाद्या घराला महिनाभर कुलूप दिसलं आणि शेजारणीनं "मुंबईला टाटाला नेलंय" एवढं सांगितलं, की विचारणारा पुढं काही विचारत नसे. टाटा म्हणजे कॅन्सरचं रुग्णालय, त्यामुळं रोग कोणता, ते तेवढ्यात कळायचं. पुरुषमाणूस असला तर बहुधा तोंडाचा किंवा घशाचा. तंबाखू घरोघर होती. बाई असली तर 'पिशवीचा', म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा. छातीचा कॅन्सर आमच्या गल्लीत क्वचितच ऐकू यायचा. आज त्याच गल्लीत राहिलेल्या आणि तिथून पुण्या-मुंबईला गेलेल्या बायकांची चौकशी केली, तर कानावर येतो तो छातीचाच. मावसबहीण, शाळेतल्या बाई, विहीण. भिशीला जमलेल्या बायकांत एखादी तरी पदराखाली शस्त्रक्रियेचा व्रण घेऊन बसलेली असते.

उतारवयात जुनं सगळंच निरोगी वाटू लागतं. त्यामुळं नुसती माझी आठवण असती तर तिच्यावर मी एवढं लिहिलं नसतं. पण बार्शीच्या आठवणीला एका वहीचा आधार आहे आणि ती वही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट असायला हवी होती.

कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी देशात पहिल्यांदा सुरू झाली ती मुंबईत, १९६३ मध्ये, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीनं आणि डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकारानं. शहरात राहणाऱ्या कोणालाही हा रोग झाला, की रुग्णालय कुठलंही असो, त्या माणसाचं वय, राहण्याचं ठिकाण आणि रोगाची जागा वहीत चढायची. खेड्यात हे जमणार कसं? तिथं माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नसे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. दवाखान्यात बसून वाट पाहिली असती तर वही कोरीच राहिली असती, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली. सरपंचांना, मास्तरांना भेटली, लोकांना एकत्र बसवून बोलली. अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, न दुखणारी गाठ, ही लक्षणं ज्या गावांत कुजबुजत बोलली जायची तिथं ती उघड सांगितली गेली. केवळ या सांगण्यामुळं पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. नोंद ठेवायला गेलेल्या माणसांनी असे जीव वाचवले, हे मला आजही विलक्षण वाटतं.

या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, की महाराष्ट्रातल्या बायकांचे दोन नकाशे दिसतात. मुंबईच्या मानानं बार्शीतलं स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण निम्म्याहूनही कमी. बार्शीत गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिला. मुंबईतही आधी तोच पुढं होता. हळूहळू तो मागं पडला आणि स्तनाचा वर चढला. देशभर तोच क्रम आहे. हैदराबाद, चेन्नई, बंगळूर, दिल्ली इथं प्रमाण मोठं, खेड्यांत कमी. सगळा देश धरला तर २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू असा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांत आज हाच कर्करोग पहिला आहे.

हा फरक कशाचा? हवेचा, पाण्याचा, अन्नाचा, की बाईच्या आयुष्याचा?

माझी आजी परांड्याच्या बाजूची. तिचं लग्न झालं तेव्हा तिला न्हाणही आलेलं नव्हतं. ते आलं पंधराव्या-सोळाव्या वर्षी, आणि मग लवकरच पहिलं बाळंतपण. पुढं पंचविसेक वर्षं ती एकतर पोटुशी असायची, नाहीतर एखादं पोर अंगावर पीत असायचं. दोन-दोन, अडीच-अडीच वर्षं. पोर बोलू लागायचं, अंगणातून धावत येऊन मांडीवर पडायचं आणि प्यायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पहाटे जातं, मग पाणी, मग रान. ज्वारीची भाकरी, कडधान्य, तेलाचा हात आखडता. ती आयुष्यभर काटक्यांसारखी बारीक राहिली.

विज्ञान आज जे सांगतं ते तिच्या या दिनक्रमात जवळपास सगळं आलेलं आहे. दर पाळीला बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वरखाली होतात, स्तनातल्या पेशी वाढतात, विभागतात, ओसरतात. जितक्या पाळ्या जास्त, तितक्या या विभागण्या जास्त, आणि विभागणीत चूक होण्याची संधीही जास्त. पहिलं पूर्ण दिवसांचं बाळंतपण झालं की स्तनातल्या पेशी दूध करण्यासाठी पक्व होतात आणि पुढच्या बिघाडाला कमी बळी पडतात. आजीच्या पाळ्यांचा हिशेब मांडला तर तो शे-दीडशेच्या पलीकडे जात नाही. तिच्या नातीचा, म्हणजे माझ्या पिढीचा आणि पुढचा, चारशेच्या घरात जातो. २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागं बाईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो आणि दर बाळंतपणामागं आणखी ७ टक्क्यांनी. आजीनं पाजलेले महिने मोजायला बसलं तर बार्शीच्या वहीतल्या कमी आकड्याचं बरंचसं कोडं तिथंच सुटतं.

बाळंतपणाचं आणि या रोगाचं नातं पहिल्यांदा दिसलं त्याला तीनशेहून अधिक वर्षं झाली. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी धंद्यांमुळं होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात मठात राहणाऱ्या, लग्न न केलेल्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आढळतो असं नोंदलं. मुंबईच्या वहीतही अशी एक ठळक ओळ होती. शहरातल्या इतर समाजांपेक्षा पारशी स्त्रियांत हा रोग अधिक. उशिरा लग्न, कमी मुलं, अनेकींचं अविवाहित राहणं ही त्या समाजाची रीत बाकीच्यांच्या कितीतरी आधीची. हवा तीच, समुद्र तोच, नळाचं पाणीही तेच. वेगळी होती ती आयुष्याची घडण.

जपानी स्त्रियांनी हीच गोष्ट समुद्रापलीकडे सिद्ध केली. जपानात हा रोग त्या काळी फार कमी. हवाई आणि कॅलिफोर्नियात गेलेल्या जपानी कुटुंबांत मात्र पिढीगणिक प्रमाण वाढत गेलं आणि तिथं जन्मलेल्या मुली-नातींत ते गोऱ्या शेजारणींच्या जवळ पोचलं. रक्त तेच असूनही रोग बदलला. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या स्त्रियांतही प्रमाण भारतातल्यापेक्षा जास्त आणि तिथल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी, असं मधलं आढळलं. लेस्टरला किंवा लंडनला राहणाऱ्या मराठी घरांना ही गोष्ट माहीत असायला हवी. "आमच्या घराण्यात कुणाला नाही" हा दिलासा तिथं तेवढा लागू पडत नाही. तसाही तो फारसा लागू पडत नाही, कारण आईवडिलांकडून आलेल्या जनुकांमुळं होणारे रुग्ण दहातला एखादाच. बाकीच्या बहुतेकींच्या घराण्यात तो आधी नसतो.

मग जुनं आयुष्यच बरं होतं का? हा प्रश्न मला समोरासमोर विचारणाऱ्या मुली भेटतात आणि त्यांना मी स्पष्ट सांगते, नाही. ज्या आयुष्यानं आजीची छाती राखली त्याच आयुष्यानं बार्शीच्या हजारो बायकांचं गर्भाशयमुख पोखरलं. लहान वयात लग्न, एकापाठोपाठ बाळंतपणं, न्हाणीघराचा अभाव, उपचाराची लाज. ज्या विषाणूमुळं तो रोग होतो त्याला हे रानच मोकळं होतं. शिवाय बाळंतपणात गेलेल्या बायकांची गणती कुठल्या वहीत? आजीच्या दोन जावा बाळंतपणात गेल्या. त्या जगल्या असत्या तर त्यांना पुढं काय झालं असतं, हे सांगणारी वही नाही. मुलीनं शिकावं, उशिरा लग्न करावं, दोनच मुलं व्हावीत, ही आपण शंभर वर्षं झगडून मिळवलेली गोष्ट आहे. तिची एक किंमत स्तनाच्या कर्करोगाच्या रूपानं मोजावी लागते, हे मान्य करून त्याची तरतूद करायची. मिळवलेलं परत द्यायचं नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण लहानपणीची एक आठवण मला थांबू देत नाही.

वर्षातून एकदोनदा मलेरियावाले यायचे. खाकी कपडे, पाठीवर नाहीतर हातात पंप. ते आले की सगळं घर अंगणात. डबे, हंडे, अंथरुणं, पाळणा, देवसुद्धा. भिंती, आढं, कोनाडे सगळीकडे डीडीटीचा फवारा. वाळल्यावर भिंतीवर पांढुरकी भुकटी राहायची आणि कितीतरी दिवस तो वास जायचा नाही. जाताना दारावर तारीख टाकून जायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागं मागं दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९५८ पासून तो निर्मूलनाचा झाला. त्यानं लाखो माणसं वाचवली, यात शंका नाही. हिवतापानं कुडकुडणारी माणसं आमच्या आईनं पाहिली होती. तिला तो फवारा देवासारखा वाटायचा. शेतातही तेच आलं आणि धान्य साठवतानाही कीटकनाशकाची भुकटी मिसळणारी घरं होती. त्या दशकांत भारतीय माणसांच्या अंगात सापडलेलं डीडीटी जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होतं.

अगदी त्याच वर्षांत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांच्या जागी नव्या वसाहती उठत होत्या आणि तिथंही डीडीटी फवारलं जात होतं. १९५७ मध्ये विमानातून झालेल्या फवारणीविरुद्ध तिथले लोक कोर्टात गेले. त्या खटल्यानं लेखिका रेचल कार्सन यांचं लक्ष वेधलं आणि १९६२ मध्ये कीटकनाशकांच्या धोक्यांवरचं त्यांचं 'सायलेंट स्प्रिंग' आलं. ते पुस्तक लिहीत असतानाच त्यांना स्तनाचा कर्करोग होता. १९६४ मध्ये त्या गेल्या. पुढं १९९०च्या सुमारास लाँग आयलंडच्या बायकांच्या लक्षात आलं, की आपल्या भागात हा रोग फार आहे. त्या स्वतः दारोदार गेल्या, नकाशावर घरं खुणावली, राजकारण्यांना धारेवर धरलं. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदाच करून या प्रश्नाचा अभ्यास करायला लावला. २००२ मध्ये निष्कर्ष आले. डीडीटी आणि तशा क्लोरीनयुक्त रसायनांचा रोगाशी संबंध दिसला नाही. धुरातून येणाऱ्या काही रसायनांचा थोडासा दिसला. प्रमाण जास्त असण्याचं बरंचसं कारण पुन्हा तेच निघालं. उशिरा मूल, कमी मुलं, सुखवस्तू राहणी. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्याचंही तसंच. तिथं पाळी गेल्यावर घेतल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांची भर होती. त्या गोळ्यांचा धोका २००२ मध्ये उघड झाल्यावर बायकांनी त्या सोडल्या आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत या रोगाचे नवे रुग्ण घटले. म्हणजे माणसानं आणलेला धोका माणसाला काढूनही टाकता येतो.

लाँग आयलंडच्या बायका निराश झाल्या. मला मात्र वाटतं, त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, उत्तर शोधण्याची वेळ उशिराची होती. पन्नाशी-साठीच्या बाईचं रक्त तपासून ती दहा वर्षांची असताना तिच्या अंगात काय गेलं होतं ते कसं कळणार? कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये १९५९ ते १९६७ या काळात गरोदर बायकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलेलं होतं. त्यावर बार्बरा कोन यांच्या गटानं काम केलं. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्या बायकांचा डीडीटीशी संबंध वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आला आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं, त्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका पाचपट होता. मोठेपणी संबंध आलेल्यांत तसं दिसलं नाही. २०१५ मध्ये आणखी पुढचं हाती आलं. ज्या आयांच्या रक्तात बाळंतपणाच्या सुमारास डीडीटीचा एक प्रकार सर्वाधिक होता त्यांच्या मुलींना धोका जवळपास चौपट. हिरोशिमा-नागासाकीनंही हेच शिकवलं होतं. किरणोत्साराचा फटका सर्वाधिक बसला तो त्या वेळी मुली असलेल्यांना, आणि तो दिसला दशकांनंतर. मुलीची छाती भरत असते त्या वर्षांत शरीर सर्वांत कोवळं असतं.

ओकलंडचा अभ्यास एका ठिकाणचा आणि थोड्या बायकांचा आहे, हे विसरून चालणार नाही. केवळ डीडीटीनं सगळं ठरत असतं तर बार्शीचा आकडा मुंबईच्या वर असायला हवा होता. आजीनं आयुष्यभर चुलीचा धूरही गिळला, ज्यात लाँग आयलंडवाल्यांना संशयास्पद वाटलेलीच रसायनं असतात. तिची फुप्फुसं गेली, छाती शाबूत राहिली. त्यामुळं माझं मत असं, की नकाशावरचा मोठा फरक घडवते ती पाळी, बाळंतपण, पाजणं, वजन आणि वय. रसायनं त्यावर आपली भर टाकतात, आणि ती भर कुठल्या वयात पडते यावर तिचं वजन ठरतं. हे दोन्ही धागे एकाच बाईच्या अंगात गुंफलेले असतात, म्हणून ते सोडवायला इतका त्रास होतो.

आज बार्शीच्या गावांत दारावर मलेरियाची तारीख दिसत नाही. शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. पण रानात इतर औषधांचे डबे आले, घरात प्लास्टिक आलं. पोरींना बाराव्या-तेराव्या वर्षीच पाळी येते. त्या गाडीवरून शाळेत जातात, पाण्यासाठी मैलभर चालत नाहीत, आणि चांगलं आहे की चालत नाहीत. पण अंगमेहनतीची जागा कशानं घेतलेली नाही. सुना कारखान्यात, दवाखान्यात, कॉल सेंटरात रात्रपाळी करतात. रात्रपाळीलाही त्याच संस्थेनं २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. अनेकींना लवकरच कामावर परतावं लागतं, पाजायला जागा नसते, दुधाच्या पावडरीचा डबा येतो. बार्शीची वही आता हळूहळू मुंबईच्या वहीसारखी दिसू लागली आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हाही होती आणि आताही आहे, ती म्हणजे लपवणं. आमच्या नात्यातली एक थोरली काकू पदराखाली चिंधी बांधून वावरायची. गाठ फुटून जखम झाली, वास येऊ लागला तेव्हा घरच्यांना कळलं. तिनं दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण छातीवर गाठ आहे हे सांगायचं कुणाला? सासऱ्यांना? तेव्हा हा रोग कमी होता असं मी म्हणते, त्यातला काही भाग या चिंध्यांखाली झाकलेला होता, हे बार्शीच्या नोंदणीवाल्यांनीही जाणलं असणार. आज शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकाही "मुलाची दहावी होऊ दे, मग दाखवते" म्हणतात. याचा मला राग येतो आणि त्याहून जास्त वाईट वाटतं.

कारण लवकर सापडला तर काय होतं, ते आपल्या मुंबईनं जगाला दाखवलं आहे. १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी शहरातल्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास चालवला. मॅमोग्राफीची यंत्रं नाहीत, डॉक्टरांची फौज नाही. थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासायच्या. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. त्यांच्यासाठी गाठ जाणवताच जाणं हाच मार्ग आहे.

सरकारी कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य केंद्रात व्हायला हवी. ती होत नसेल तर ग्रामसभेत मागा. छातीत किंवा काखेत न दुखणारी गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त आलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. घरी कामाला येणाऱ्या बाईलाही सोबत न्या, तिला खाडा धरू नका. आणि कर्करोगाची नोंद घेणारं माणूस तुमच्या दारी आलं, तर आजचा पत्ता देऊन त्याला वाटेला लावू नका. जन्म कुठं झाला, लहानपण कुठल्या गावात गेलं, पहिली पाळी कुठं आली, घरात आणि रानात काय फवारलं जायचं, सगळं त्याला बसवून सांगा.